प्रथम क्रमांक, विभागून

सेलूच्या लीलाबाईंच्या स्वयंपाकघरात नवख्या माणसानं एकट्यानं शिरू नये, आणि शिरलाच तर डब्यांवरचं वाचू नये. अडाणी माणूस तिथं निभावून नेईल, फजिती होते ती वाचता येणाऱ्याची. चहाचा डबा मागितला, तर हातात गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला डबा येणार, कारण तो मुळात दुधाच्या भुकटीचा. चहाच्या खोक्यात धने. कॉफीच्या बाटलीत हिंग. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लाल मिरच्या. आणि जिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'आंब्याचे लोणचे' असं छापलेलं, त्या बरणीत कपड्यांना द्यायची नीळ. लीलाबाईंचे नंदोई, म्हणजे नणदेचे यजमान, एकदा पुलगावहून आले होते. जेवताना लोणचं संपलं म्हणून मोठ्या हौसेनं स्वतः उठले, बरणीत बोट बुडवलं आणि चाटलं. संध्याकाळी निळी जीभ घेऊनच ते गाडीत बसले.

"मी म्हणतो, चिठ्ठी तं लावत जाय त्याच्यावर!" लीलाबाईंचे यजमान बंडूजी कपाळाला हात लावून म्हणाले.

"कायले? घरच्या माणसाईले मालूम हाय. पाहुण्यानं मांगावं, स्वताच्या हातानं घेऊ नाई."

आता हे ऐकून बाई वेंधळी असेल असं कुणाला वाटेल. छे हो! अख्ख्या सेलूत एवढी टापटिपीची बाई शोधून सापडायची नाही. फरक इतकाच, की दुसऱ्यांच्या घरी खाण्याची वस्तू संपली की तिचं वेष्टण केरात जायचं आणि लीलाबाईंच्या घरी तिथून पुढं त्याचा जन्म सुरू व्हायचा. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यांनी ओळीनं वाळत घातलेल्या असायच्या. पोस्टमन नव्या माणसाला पत्ता सांगायचा तोही तसाच, "ज्या घरी पिशव्या वाळून राह्यल्या, थे बंडूजी कंडक्टरचं घर." वाळलेल्या पिशव्यांच्या पट्ट्या कापायच्या, तीन-तीन पट्ट्यांची वेणी घालायची आणि वेण्या गोल गोल शिवत नेल्या की आसन तयार. उभ्या शिवल्या की थैली. अशाच एका थैलीतून बंडूजी वर्धा डेपोत डबा न्यायचे. भर पावसात थैली भिजली तरी आतली पोळी कोरडी. ब्रेडच्या मेणकागदावर पापड लाटायचे, तेलाची पिशवी उभी फाडून सायकलच्या सीटवर चढवायची, रसगुल्ल्याच्या डब्यात दाढीचं पाणी, डालड्याच्या डब्याला तारेची कडी लावून न्हाणीतलं टमरेल. साखरेच्या पोत्याच्या उशांच्या खोळी तर सगळ्या गल्लीला ठाऊक. बंडूजी सकाळी उठले की उजव्या गालावर 'निव्वळ वजन १०० किलो' असं उलटं उमटलेलं असायचं.

तेलाच्या पिप्यांबद्दल तर बोलायलाच नको. एका पिप्यात तांदूळ. एक आडवा कापून त्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावलेला, हिरवागार. आणि चार पिपे ठोकून सपाट करून लाकडी चौकटीवर खिळ्यांनी मारले, ते न्हाणीचं दार. पत्र्यावर सूर्यफुलं छापलेली होती, त्यामुळे लीलाबाईंकडं आंघोळ करणारा माणूस बाहेरून फुलांच्या बागेत गेल्यासारखा दिसायचा.

भंगारवाला दारावरून जाताना हमखास विचारायचा, "बाई, थो पिपा द्याचा का?"

"कामात हाय थो," लीलाबाई म्हणायच्या.

"हा डबा?"

"थो बी कामात हाय. कामातली वस्तू कोणी देत असते का गा? जाय पुढं."

भंगारवाला बिचारा पुढं जायचा. त्या घरातून त्याला उभ्या जन्मात काही मिळालं नाही.

पण खरं सांगू का, हे सगळं लीलाबाईंनी हौसेनं सुरू केलं नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

लीलाबाईंचं लग्न झालं चौऱ्याऐंशी साली. वडिलांनी लेकीला स्टीलचे सात डबे दिले होते, एकात एक बसणारे. मोठ्यात दहा किलो तांदूळ मावेल आणि लहानात मूठभर वेलदोडे. प्रत्येक डब्याच्या पोटावर भांडेवाल्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलं होतं, 'सौ. लीला'. नवी नवरी रोज ते डबे पुसायची. नाव दिसावं म्हणून सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून ठेवायची. दुसऱ्या वर्षी नणदेचं, सीताबाईचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी सातही डबे उचलून रुखवतात मांडले.

"घरातल्या घरातच तं चालले," सासूबाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांची सून काय बोलणार? बोलली नाही. मागच्या अंगणात लाकडं रचली होती, त्यांच्या आडोशाला पदर तोंडात कोंबून पोटभर रडून आली आणि पाहुण्यांना वाढायला लागली. दुसऱ्या दिवशी चहापत्ती ठेवायला घरात डबा नव्हता. शेजारणीनं लेकराच्या दुधाचा रिकामा डबा दिला. लीलाबाईंनी तो घासला, वाळवला, त्यात चहा भरला आणि मनाशी म्हणाल्या, आता लावा म्हणा याले हात. न्या म्हणा याले रुखवतात!

तेव्हापासून ते जे सुरू झालं ते झालंच. पुढं पुढं त्यांना त्याची गोडी लागली ही गोष्ट वेगळी. हात होताच गुणी, डोकंही चालायचं. पण पुलगावला नणदेकडं गेल्या की जीव जळायचा. फळीवर ते सात डबे ओळीनं, आणि 'सौ. लीला'च्या खाली ठिपक्यांत दुसरं नाव, 'सौ. सीता'. नणद मनानं वाईट नव्हती हो, प्रेमानं चहा करायची. लीलाबाईंच्या घशाखाली तो चहा उतरत नसे.

तर अशात सत्त्याण्णव साल उजाडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं स्पर्धा काढली, 'टाकाऊतून टिकाऊ'. मंडळाच्या अध्यक्ष मंदाबाई, कापड दुकानवाल्या प्रभाकररावांच्या मंडळी. तीन दिवस शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन, तिसऱ्या दिवशी वर्ध्याच्या कॉलेजातल्या मॅडम परीक्षक म्हणून येणार. आणि पहिलं बक्षीस भांड्याच्या दुकानात मांडून ठेवलेलं, पिवळ्या जिलेटिन कागदात गुंडाळलेलं. स्टीलचे सात डबे. एकात एक बसणारे.

लीलाबाई भाजीला निघाल्या होत्या, त्या दुकानापुढं थबकल्या. कितीतरी वेळ तिथंच. लेक मयुरी बरोबर होती, पाचवीतली. तिनं आईचा पदर ओढला.

"माय, चाल ना. काय पाहून राह्यली?"

"मयुरी," लीलाबाई हळूच म्हणाल्या, "मले थे डबे पाहिजे."

मयुरी बघतच राहिली. मला पाहिजे, असं वाक्य तिनं आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या दुपारी मागच्या अंगणात बसून आईनं तिला सात डब्यांची सगळी हकिकत सांगितली, लाकडांच्या आडोशासकट.

मग फॉर्म आणला. फॉर्म भरायला घेतला आणि पहिल्याच रकान्यावर गाडी अडली. रकाना होता, 'टाकाऊ वस्तूचे नाव'.

"लिहू का, तेलाचा पिपा?" मयुरीनं पेन उचललं.

"पिपा टाकाऊ कधी झाला?"

"अवं माय, तसं लिहा लागते."

"वा गं वा! इतके वर्ष घरचा तांदूळ सांभाळून राह्यला थो, त्याले टाकाऊ म्हणू? नाई. खोटं नाई लिहाचं."

"मंग दुधाची पिशवी लिहू?"

"टाकली का आपुन कधी?"

शेवटी पहिला रकाना कोराच राहिला. दुसऱ्या रकान्यात, 'टिकाऊ वस्तूचे नाव', मात्र जागा पुरेना. चौदा वस्तू झाल्या, कागदाच्या मागच्या बाजूवर गेल्या. शाळेचे मधुकरराव गुरुजी फॉर्म घेत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लीलाबाई, पहिला रकाना राहिला की हो."

"राह्यला नाई गुरुजी. तितं लिहाले काई नाई."

"अहो, स्पर्धेचं नावच आहे टाकाऊतून टिकाऊ!"

"मंग मंडळानं नाव चुकीचं ठेवलं, त्याले मी काय करू?"

गुरुजींची तीस वर्षं सेलूत गेली होती. कोणत्या बाईशी वाद घालू नये हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि चौदा नंबरचं टेबल दिलं.

खरी पंचाईत पुढंच होती. इतर बायांच्या वस्तू शोभेच्या, उचलल्या की निघाल्या. लीलाबाईंच्या घरात रिकामं असं काही नव्हतंच! पिप्यात तांदूळ, बरणीत नीळ, बाटलीत हिंग. तांदूळ चादरीवर ओतला, मिरच्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, चहा एका वाटीत आणि साखर तवलीत. सांभाराचा पिपा तर मातीसकट रिक्षात घातला. सगळं झाल्यावर लीलाबाईंनी मागं वळून न्हाणीच्या दाराकडं पाहिलं.

"माय, दार नको वं," मयुरी कळवळून म्हणाली.

"यादीत लिहून देल्लं हाय."

दारही गेलं. बिजागऱ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी बंडूजींची पहिल्या फेरीची ड्यूटी. माणूस पहाटे उठला, न्हाणीकडं गेला आणि दार नाही हे पाहून पुन्हा बाहेर येऊन आपलंच घर आहे ना याची खात्री करून गेला. साडी बांधून आडोसा केला तर टमरेल नाही. दाढीला बसले तर रसगुल्ल्याचा डबा नाही. डबा न्यायची थैली नाही, म्हणून पोळीभाजी धोतराच्या फडक्यात बांधून निघाले.

"काऊन कंडक्टर साहेब, घरच्यायनं हाकलून देल्लं का?" सेलूच्या स्टँडवर कुणीतरी विचारलं.

"नाई भौ," बंडूजी तिकीट फाडत म्हणाले, "घरच प्रदर्शनात गेलं."

प्रदर्शन काय वर्णावं! एकीनं शीतपेयाच्या बाटलीची बाहुली केली होती. एकीनं नारळाच्या करवंटीचं माकड. मंदाबाईंच्या सुनेनं, सरितानं, आइस्क्रीमच्या काड्यांचा पांढराशुभ्र हंस केला होता, मान अशी वळवलेली की बघत राहावं. काड्या मात्र कोऱ्या, नागपूरहून खास गड्डी आणलेली. आणखी एका बाईंनी बाटली रिकामी मिळेना म्हणून सरबताची भरलेली बाटली मोरीत ओतून दिली होती. ते लीलाबाईंनी ऐकलं. "आवं माय! सरबत सांडून बाटली वाचवली?" असं त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या त्या जरा मोठ्यानंच.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी दाराशिवाय फारच अडलं म्हणून लीलाबाई जरा घरी जाऊन आल्या, आणि चार वाजता हॉलमध्ये पाय ठेवतात तो काय!

चौदा नंबरचं टेबल रिकामं!

एकही वस्तू नाही. फक्त नावाची चिठ्ठी आणि तिच्यावर ती आडवी रेघ. दार तेवढं मागं भिंतीला टेकलेलं असायचं, तेही नाही. वर्ध्याच्या मॅडम कधीच आल्या होत्या, पुढच्या खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. अकरा टेबलं बघून झाली होती.

"मंदाबाई, माह्या वस्तू कुठं गेल्या?"

"मला काय ठाऊक बाई?" मंदाबाईंनी हात हलवले. "आणि नियम सांगून ठेवते, जी वस्तू टेबलावर नाही ती स्पर्धेत नाही."

लीलाबाईंच्या डोळ्यांपुढं पिवळा जिलेटिन कागद आला. दुसऱ्यांदा सात डबे डोळ्यांदेखत चालले होते, आणि ह्या वेळीही काही बोलायचं नाही? ते शक्य नव्हतं. त्या तरातरा हॉलभर फिरल्या. शाळेचा शिपाई तानबा कोपऱ्यात पाण्याजवळ उभा होता.

"तानबा, माहा पिपा पाह्यला का?"

"हा काय," तानबानं बोट दाखवलं. "मडकं फुटलं सकाळी. प्याचं पाणी कायच्यात ठेवाचं? पिपा मोठा चांगला हाय बाई, गळत नाई."

पाणी काढायला डालड्याचं टमरेल. बाळाच्या डब्यात मंडळाची साखर, कारण पुडीला मुंग्या लागल्या होत्या. न्हाणीचं दार दोन बाकांवर आडवं टाकून त्यावर फराळाच्या बशा मांडलेल्या. सांभार तर पोह्यांवर पडून संपलाही होता. थैलीत कुणीतरी हळदीकुंकवाचं वाण भरून ठेवलेलं. ज्याला जे लागलं ते त्यानं चौदा नंबरवरून उचललं होतं, आणि कुणाच्याही मनात आलं नाही की ही प्रदर्शनातली वस्तू आहे. हंसाला कुणी हात लावला नव्हता. हंसाचं करणार तरी काय?

राहिलं एक आसन. ते कुठं दिसेना. लीलाबाई शोधत शोधत पुढं आल्या आणि थांबल्या. मॅडमच्या खुर्चीची वेताची बैठक फाटलेली होती, त्यावर कुणीतरी आसन टाकलं होतं आणि आसनावर मॅडम.

"काय हो बाई? काय बघताय?" मॅडमनी विचारलं.

लीलाबाई पुढं झाल्या. "मॅडम, जरा उठता का?"

परीक्षकाला उठ म्हणणारी बाई सेलूनं कधी पाहिली नव्हती. मंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"माहं आसन हाय थे," लीलाबाई एका दमात म्हणाल्या. "टेबलावर ठेवाचं हाय, नाई तं मी स्पर्धेत नाई म्हणतात. अन् तुमी ज्या साखरेचा चहा पेल्ला थो डबाही माहाच, अन् थो पिपा बी, अन् थ्या बशा ज्याच्यावर ठेवल्या थे माह्या न्हाणीचं दार हाय."

मॅडम उठल्या. आसन हातात घेतलं, उलटं केलं, वेण्या मोजल्या. मग जाऊन दार पाहिलं, पिपा पाहिला, डब्यावरचं बाळ पाहिलं. आणि मग त्या जे हसायला लागल्या ते त्यांना थांबवता येईना. चष्मा काढून डोळे पुसले.

"पहिला रकाना कोरा आहे मॅडम," मंदाबाईंनी आठवण दिली. "टाकाऊ वस्तूचं नावच लिहिलेलं नाही."

"का हो?"

"टाकाऊ म्हंजे जे टाकलं थे," लीलाबाई म्हणाल्या. "मी काई टाकलंच नाई, तं लिहू काय?"

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि घडी करून मधुकररावांच्या हाती दिलं. त्या शहाण्या होत्या. मंडळाचं मनही मोडायचं नव्हतं आणि आपलंही. गुरुजींनी माईक ठोकला.

"प्रथम क्रमांक, विभागून! सौभाग्यवती सरिता यांचा हंस, आणि लीलाबाईंच्या चौदा वस्तू."

टाळ्या पडल्या. मयुरीनं तर उडी मारली. मॅडमना बिचाऱ्यांना वाटलं असेल, मंडळ आणखी एक सेट आणेल. मंडळ कुठलं आणतं! मंदाबाईंनी जिलेटिन कागद सोडला, सात डबे एकातून एक बाहेर काढले आणि गंभीर चेहऱ्यानं वाटणी सुरू केली. लहानापासून मोजत एक हिला, एक तिला.

"अवो बाई, सेट हाय थो!" लीलाबाई कळवळल्या. "वावर नोहे वाटणीले!"

"विभागून म्हणजे विभागून," मंदाबाई म्हणाल्या.

पहिला, तिसरा, पाचवा, सातवा सुनेकडं गेला. लीलाबाईंच्या वाट्याला दुसरा, चौथा, सहावा. त्यांच्यावर आधीच ठिपक्यांत कोरून ठेवलेलं होतं, 'म. मं. सेलू, १९९७'. घरी आल्यावर एकात एक घातले तर मधल्या फटीत खुळखुळ खुळखुळ वाजायचे.

वाजले तरी स्टीलचेच होते. लीलाबाईंनी ते सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले, पालथे, आणि त्यात काही म्हणजे काही भरलं नाही. सात असते तर भरले असते. तिन्हींत काय भरायचं? दर संक्रांतीला खाली काढायच्या, राखेनं घासायच्या, उन्हात वाळवायच्या, परत वर.

"हवा साठवून राह्यली का वं त्याच्यात?" बंडूजी विचारायचे.

"राहू द्या ना. तुमाले काय करते थे?"

चिडून बोलायच्या, पण बंडूजी ड्यूटीवर गेले की कधीमधी स्टुलावर चढून डबा हातात घेऊन बघायच्या. एवढ्या मोठ्या गोल पोटावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

अशी अकरा वर्षं गेली. मोबाइल आले, दुधाच्या पिशव्यांबरोबर आता चिप्सची चकचकीत पाकिटं दोरीवर वाळायला लागली आणि दाराला त्यांचीच चांदीसारखी झळाळती तोरणं लागली. न्हाणीला नवं दार बसलं, सूर्यफुलांचं जुनं दार कोंबड्यांच्या खुराड्याला गेलं. आणि दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मयुरीचं लग्न ठरलं, वर्ध्याच्या नीलेशशी.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी लीलाबाई स्टुलावर चढल्या. तिन्ही डबे काढले, घासले, रुखवताच्या सामानात नीट बांधून ठेवले.

"माय, हे कायले?" मयुरीनं विचारलं.

"लेकीले द्या लागते वं. घरातल्या घरातच तं चालले."

बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. हे वाक्य आपल्या तोंडी कुठून आलं? मयुरी आईकडं पाहत राहिली. थोड्या वेळानं चपला घातल्या आणि "आलीच दुकानातून" म्हणून बाहेर पडली. हातात एक जड थैली होती. मेंदी लागायच्या दिवशी नवरी कुठं चालली, म्हणून बंडूजी ओरडले, पण ती गेली सुद्धा.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवत मांडलेलं होतं. लीलाबाई पाहुण्यांना कुंकू लावत लावत तिथं पोचल्या आणि हातातली कोयरी पडता पडता वाचली. लाडू-चिवड्याच्या शेजारी, वरपक्षाच्या डोळ्यांसमोर, बाळाचा डबा! डालड्याचं टमरेल, दुधाच्या पिशव्यांची आसनं, चिप्सची तोरणं, कॉफीची हिंगाची बाटली. आणि मध्ये मयुरीच्या अक्षरात चिठ्ठी:

'टाकाऊ वस्तूचे नाव: —'

लीलाबाई तशाच नवरीच्या खोलीत घुसल्या. "पोट्टे, बह्याड झाली का तू? लोकं काय म्हणतीन? स्टीलचे डबे कुठं हायेत?"

"घरी हायेत," बाशिंग बांधलेली मयुरी शांतपणे म्हणाली.

"घरी? काऊन?"

"कामात हायेत थे. भरले मी. आता कामातली वस्तू कोणी देत असते का वं, माय?"

आयुष्यभर भंगारवाल्याला जे सुनावलं ते आज स्वतःच्या लेकीनं ऐकवलं होतं. बाहेर आल्या तर आणखीच गंमत. नीलेशच्या आजी, मीराबाई, रुखवतातलं एक आसन उचलून त्यावर ऐसपैस बसल्या होत्या आणि दुसऱ्या आसनाच्या वेण्या उलटसुलट करून शेजारणीला दाखवत होत्या. पंगतीत वाढप्यांनी मिठाला डबा हवा म्हणून बाळाचा डबा पळवला. तासाभरात रुखवताचं अर्धं टेबल रिकामं. पुलगावची नणद सीताबाई आली होती, ती सारं पाहून हसत म्हणाली, "वहिनी, मले बी एक आसन देजो." लीलाबाईंनी तिला दोन दिली. तेवीस वर्षांत नणदेला काही देताना त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं.

पाठवणी झाली. लीलाबाई रडल्या, बंडूजी त्यांच्याहून जास्त रडले. सकाळी घर सुनंसुनं. लीलाबाई सवयीनं उठल्या, चहाचं आधण ठेवलं आणि बाळाच्या डब्याकडं हात नेला. डबा कुठला? तो तर वर्ध्याला गेला.

त्याच्या जागी फळीवर, हाताला येईल अशा उंचीवर, तीन स्टीलचे डबे उभे होते. पालथे नव्हते. सहाव्यात तांदूळ काठोकाठ. चौथ्यात साखर. दुसऱ्यात चहापत्ती, आणि झाकण उघडताच तिचा वास घरभर. तिघांचीही तोंडं एका बाजूला केलेली. 'म. मं. सेलू, १९९७'च्या वर मोठ्या ठिपक्यांत, नवंकोरं, परवाच कोरलेलं एकच नाव होतं, 'लीला'. पुढं सौ. नाही, मागं कुणी नाही.

लीलाबाईंनी एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग आधण तसंच उकळत ठेवून त्या ओट्याला टेकून बसल्या आणि मनसोक्त रडल्या. ह्या वेळी लाकडांच्या आडोशाला जायची गरज नव्हती.

आवाज ऐकून बंडूजी आत आले. गालावर 'निव्वळ वजन १०० किलो' उलटं उमटलेलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं, उकळत्या पाण्याकडं पाहिलं आणि काही न विचारता कप मांडायला घेतले.

"बस तू, मी करतो आज. थो बाळाचा डबा तं गेला, आता चहा कोणाच्या डब्यात हाय वं?"

"माह्या," लीलाबाई म्हणाल्या.